त्रेचाळीस सूर्य

"पाण्यात बघितलं तर चालतंय का, सर?"

वैजनाथ पतंगे टेलर हे विचारत होते तेव्हा त्यांचे हात दुकानातल्या सगळ्या सुया एका डबीत भरत होते. मोठी कात्री, छोटी कात्री, काज पाडायचं ब्लेड, इतकंच काय, मशीनमध्ये बसवलेली सुईसुद्धा त्यांनी काढली होती. दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं आणि त्यांची सून सहा महिन्यांची गरोदर होती. अशा घरात ग्रहणात काही कापायचं नाही, काही टोचायचं नाही, हा नेम. आणि हे घर शिंप्याचं, तिथे टोचणाऱ्या वस्तूंना तोटा नाही. सगळं एका फडक्यात बांधून ते शेजारच्या किराणा दुकानात ठेवायला देणार होते. चुकूनसुद्धा कुणाचा हात जायला नको.

मी मशीनपुढच्या स्टुलावर बसून हे बघत होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. लातूरपासून दोन तासांवरच्या त्या गावात विज्ञान शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली होती आणि ग्रहणाबद्दल मला सगळं ठाऊक होतं. चेंडू आणि बॅटरी घेऊन मी वर्गात सावल्या पाडून दाखवल्या होत्या. ग्रहण बघायचे वीस चष्मे पुण्याहून मागवले होते. आठवीच्या एकेचाळीस मुलांपैकी तेरा जणांच्या घरून 'उद्या पाठवत नाही' असा निरोप आला, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि शाळा सुटल्यावर मी एकेका घराची पायरी चढायला लागलो. आठ घरं सर झाली होती. पतंग्यांचं नववं.

"पाण्यात कशाला? शाळेत पाठवा की," मी म्हणालो. "चष्मे आहेत, मी आहे."

"माझी ना न्हाई हो सर. अक्का न्हाई म्हणतीय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कावेरबाई. वैजनाथरावांची बायको गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं. ती आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"सर, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी," ती म्हणाली. "घरात पोटुशी बाई हाय. पोरगी गिराणात बाहीर हिंडून आली आन् तशीच सुनंच्या खोलीत गेली तर? लेकराला काही झालं तर तुम्ही येणार का बघायला?"

"काही होत नाही, मावशी. नुसती सावली असते."

"तुमच्यासाठी सावली."

तिच्या पाठीमागे शिवकन्या उभी होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, बापाच्या तोंडाकडे होतं.

शिवकन्या पतंगे वर्गात पहिली-दुसरी येणारी मुलगी नव्हती. गणितात ती मधलीच होती आणि इंग्रजीत त्याहून खाली. पण लहानपणापासून बापाच्या हाताखाली काज-बटण करून तिचा हात आणि डोळा असा बसला होता, की तिने काढलेली आकृती मी इतर वर्गांत नेऊन दाखवायचो. चंद्राच्या कला काढून आणा म्हटल्यावर बाकीच्यांनी पुस्तकातल्या आठ चित्रांची नक्कल केली. हिने महिनाभर रोज आकाशात बघून चित्र काढलं, आणि दोन दिवस ढग होते म्हणून तिथे 'ढग' असं लिहून चौकट रिकामी ठेवली. जे दिसलं नाही ते तिने काढलं नाही. अशी मुलगी ग्रहणाच्या दिवशी खोलीत कोंडलेली असणार, हे मला सहन होत नव्हतं.

"अक्का, शाळंत नगं तर नगं," वैजनाथराव म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला वाटलं ते स्वतःशीच बोलताहेत. "आपल्या अंगणात, परातीत पाणी ठिवून बघंल. आपली आई बघायची तसं. सुनंच्या खोलीत दिवसभर जाणार न्हाई, आन् मोक्ष झाला की न्हाऊनच आत येईल."

कावेरबाई चौकटीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "पाण्यात हळद घालीन मी." म्हणजे परवानगी मिळाली.

"चालतंय का तसं, सर?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी घड्याळ बघितलं. अजून चार घरं राहिली होती, आणि इथे मी अर्धी लढाई जिंकलो होतो. रूढीची परात आणि माझं विज्ञान एकाच अंगणात येताहेत याचं मला कौतुक वाटलं.

"चालतं की," मी म्हणालो. "पूर्वी लोक तसंच बघायचे."

एवढंच वाक्य. मग मी शिवकन्येला पुढे बोलावलं आणि वही कशी भरायची ते सांगितलं. साडेअकराच्या आत सुरुवात, तीनच्या आसपास शेवट. दर पाच मिनिटांनी एक चित्र, प्रत्येक चित्राखाली वेळ. चुकवायचं नाही. अंदाजाने काढायचं नाही. रेघ स्पष्ट हवी.

"आन् पाणी हललं तर, सर?" तिने विचारलं.

"तर नीट दिसेपर्यंत बघत राहायचं," मी म्हणालो.

दुसरा दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा दिवस होता, हे सांगायला मला आज लाज वाटते, पण होता. छत्तीस मुलं आली. दोघांत एक चष्मा, त्यावरून भांडणं, ओरडा, 'सर, सूर्य खाल्ला! सर, अजून खाल्ला!' म्हणून नाचणं. मुख्याध्यापक लोमटे सर आधी खोलीचं दार लावून बसले होते. एक वाजता तेही चष्मा मागायला बाहेर आले. झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेल्या उन्हाच्या शेकडो कोरी मी मुलांना दाखवल्या. हजेरीपटावर मी शिवकन्येच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडली आणि मनात म्हटलं, हरकत नाही, तीही बघतेच आहे.

तिसऱ्या दिवशी वह्या आल्या. बहुतेकांनी सहा-सात चित्रं काढली होती, त्यातली निम्मी एकमेकांची बघून. शिवकन्येची वही उघडली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. त्रेचाळीस चित्रं. अकरा पंचवीसला पहिलं, दोन पंचावन्नला शेवटचं, मध्ये एकही वेळ चुकलेली नाही. बांगडीच्या आतून काढलेली एकसारखी वर्तुळं आणि त्यांत चंद्राने केसाकेसाने पुढे सरकत खाल्लेला सूर्य. पहिल्या पानावर टीप होती : 'सुरुवातीला हळदीच्या पाण्यात कड अंधुक दिसत होती. म्हणून पावणेबारा वाजता हळदीचे पाणी ओतून नवीन स्टीलच्या परातीत स्वच्छ पाणी घेतले.' निरीक्षण कसं नोंदवावं याचा हा नमुनाच होता.

दीड वाजल्याच्या चित्रापासून सूर्यावर एक ठिपका होता. पेन्सिलने काढून बोटाने पुसट केलेला, करडा. त्यापुढच्या प्रत्येक चित्रात तो होता.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, पोरीने सूर्यावरचा डाग पकडला. सूर्यावर डाग असतात हे मी मागच्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि खूप मोठा डाग असला तर दुर्बिणीशिवायही दिसू शकतो, हेही. मी उठून वर्गाला वही दाखवली.

"हे बघा. तुमच्या हातात पुण्याचे चष्मे होते. हिच्याकडे परात होती. आणि डाग कुणाला दिसला?"

शिवकन्या मान खाली घालून बसली होती. मला वाटलं लाजली.

"ये इकडे," मी म्हणालो. फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि तिच्या हातात खडू दिला. "दीड वाजता कुठे होता डाग, तो दाखव सगळ्यांना."

ती फळ्यासमोर उभी राहिली. हात वर केला आणि तसाच ठेवला.

"काढ की."

"इथं हाय की, सर," ती म्हणाली.

"काय आहे?"

"डाग. फळ्यावर हाय."

मुलं हसली. मीही हसलो. "कुठे आहे फळ्यावर?"

"मी जिथं बघीन तिथं." तिने माझ्याकडे तोंड फिरवलं. "तुमच्या तोंडावर पण हाय, सर. तुमचं नाक दिसंना गेलंय."

आता वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरच्या कुणीतरी बाक बडवला. ती पण थोडी हसली, कारण सगळे हसत होते.

माझ्या हातात वही होती. मी पुन्हा दीड वाजल्याचं चित्र बघितलं, मग दोनचं, मग अडीचचं. सूर्यावरचा डाग तासा-दोन तासांत कुठे जात नाही. हा मात्र दर चित्रात जागा बदलत होता. सूर्याची कोर जिकडे सरकेल तिकडे तोही सरकायचा आणि उरलेल्या उजेडाच्या बरोबर मध्ये बसायचा. तो सूर्यावर नव्हताच. ज्याला सूर्य दिसत होता त्याच्या डोळ्यात होता. तिने नेहमीसारखं जे दिसलं ते काढलं होतं. विज्ञानाच्या मास्तरला हे एका नजरेत कळायला हवं होतं, आणि मी त्यावर लाल शाईने 'उत्कृष्ट' लिहून बसलो होतो.

मी वर्गाला गप्प केलं. कसं केलं ते आठवत नाही. पण नंतर दोन दिवस माझा घसा बसला होता.

लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवून ठेवलं, मग आत नेलं. मी आणि वैजनाथराव बाहेर बाकावर होतो. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. उलट दोनदा म्हणाले, सर, तुम्ही शाळा बुडवून आलात, तुमचे लई उपकार झाले.

बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि एका कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. मागच्या पडद्यावर मधोमध पेनाने टिंब केलं.

"इथे भाजलंय. दोन्ही डोळ्यांत. समोर बघताना आपण हाच भाग वापरतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं इथून."

"चष्मा लागंल का मग?" वैजनाथरावांनी विचारलं.

"चष्म्याने नाही होणार."

"आपरेशन?"

"नाही."

"मग थेंब तरी."

"थेंब देते, डोळे चुरचुरतात म्हणून. पण भाजलंय त्याला औषध नाही. खोटं कशाला सांगू तुम्हाला." बाई तशा प्रेमळ होत्या, पण बाहेर रांग होती. "काही मुलांचं सहा महिन्यांत आपोआप थोडं सुधारतं. हिचं किती सुधारेल ते मी आज सांगू शकत नाही. मधलं नाही दिसलं तरी कडेचं दिसतं. हळूहळू ती थोडं बाजूला बघून समोरचं बघायला शिकेल."

"म्हंजी आता काय करायचं?"

"वाट बघायची."

वैजनाथराव मान हलवत राहिले. बाईंनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "पाण्यात बघायला कुणी सांगितलं होतं हिला? पाण्यात काय, आरशात काय, सूर्य तो सूर्यच. शाळेत सांगत नाहीत का?"

खोलीत आम्ही चौघं होतो. मी तोंड उघडलं, हे नक्की. त्यातून आवाज निघायच्या आत शिवकन्या म्हणाली,

"कुणी न्हाई सांगितलं. मीच बघितलं, माझ्या मनानं."

बाईंनी मान हलवली आणि घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं. तेरा वर्षांची पोर मला पाठीशी घालून उठली आणि दाराकडे जाताना खुर्चीला अडखळली.

एसटी स्टँडवर ती बाकावर डोळे मिटून बसली होती, तेव्हा मी वैजनाथरावांना बाजूला घेतलं.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हणालो. "तुम्ही विचारलं होतं, पाण्यात चालतं का. मी म्हणालो चालतं. मला माहीत नव्हतं. नीट माहीत नसताना बोललो मी."

त्यांनी शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी, निदान आवाज चढवावा, अशी मी वाट बघत होतो. मला ते हवं होतं.

"गाडी लागली, सर," ते म्हणाले आणि मुलीचा हात धरून गाडीत चढले.

मुख्याध्यापकांनाही मी सांगितलं. लोमटे सरांनी हजेरीपट मागवला, माझीच लाल शाई बोट ठेवून बघितली आणि निःश्वास सोडला.

"पोरगी गैरहजर होती. शाळेत असलेल्या छत्तीस पोरांना काही झालं नाही. मग शाळेचा संबंध काय?"

"मी तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं, सर. पाण्यात चालतं म्हणून."

"लेखी दिलंत?"

"नाही."

"मग गप बसा, बिराजदार. नोकरी नवीन आहे तुमची."

मी गप बसलो असं नाही. मी कुणालाही सांगायला तयार होतो, पण माझं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. गावाला कारण आधीच सापडलं होतं. गरोदर वहिनी घरात असताना ही पोरगी ग्रहणात अंगणात बसली आणि ग्रहणाने तिला धरलं. तिला बघून बायका पोटाशी पदर ओढून घ्यायला लागल्या. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत तिच्या डब्याला हात लावेनात. मी त्यांना ओरडलो. पुन्हा चेंडू आणि बॅटरी काढली, सावली कुणाला धरत नाही, उजेडाने भाजतं, हे पुन्हा समजावलं. त्या 'हो सर' म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळ्या जेवल्या. ज्यांच्या घरी मी स्वतः जाऊन भांडलो होतो, त्या आठ घरांतले बाप मला रस्त्यात टाळायला लागले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

शिवकन्येला मी पहिल्या बाकावर बसवलं, फळ्यावर मोठी अक्षरं काढायला लागलो. ती मान एका बाजूला वळवून फळा बघायची. ओळीतला मधला शब्द तिला सापडायचा नाही. एकदा काज करताना सुई तिच्या बोटातून आरपार गेली, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्यानंतर कावेरबाईने दुकानातलं काज-बटण स्वतःकडे घेतलं. म्हातारपणी तिलाही नीट दिसत नव्हतं, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही. ग्रहणात बसू नको असं आधी सांगणारी तीच एकटी होती. तरी 'मी म्हणलं होतं' हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

मी रोज घरी येऊन पुस्तकं वाचायचो. डोळ्याच्या पडद्याबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं. पुण्याच्या, मुंबईच्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, दोघांनीही लातूरच्या बाईंचंच म्हणणं लिहिलं होतं. मी काहीही करू शकत नव्हतो. हे इतकं साधं वाक्य आहे, पण ते स्वतःशी म्हणायला मला महिना लागला.

माघात एका रविवारी कळलं, पतंग्यांच्या घरी ग्रहणाची शांत आहे. लातूरहून कुणी गुरुजी येणार, ग्रहाचा जप, होम, आणि शिवकन्येने वर्षभर शनिवार-अमावास्येचे उपास धरायचे. गुरुजींनी शाळेबद्दलही काही सांगितलं होतं : वर्षभर मुलीने शक्यतो घराबाहेर फिरू नये. हे ऐकून माझ्या डोक्याची शीर उठली. डोळे गेले ते गेले, आता शाळाही जाणार. मी शर्ट बदलला आणि निघालो. या वेळी मी गप बसणार नव्हतो. सगळ्यांसमोर सांगणार होतो, होम करणाऱ्यासमोर सुद्धा, की चूक कुणाची होती.

होम अजून सुरू व्हायचा होता. अंगणात विटा मांडल्या होत्या. शिवकन्या दुकान आणि घर यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसून ताटातले तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. वैजनाथराव मला बघून घाईने पुढे आले आणि दुकानात घेऊन गेले. त्याच स्टुलावर बसवलं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मीच येणार होतो तुमच्याकडं."

"वैजनाथराव, हे काय चाललंय? तिची शाळा बंद करणार तुम्ही?"

"सर, आधी माझं ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं." ते मशीनच्या पलीकडे उभेच राहिले. "त्या दिवशी स्टँडवर तुम्ही म्हणलात, माझ्यामुळं झालं. मी काही बोललो न्हाई. मला बोलताच येईना. रात रात झोप न्हाई मला, सर."

"चूक माझीच आहे. मी आज सगळ्यांसमोर—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "तुम्ही एक डाव बोललात आन् गेलात. परात मी आणली. आधीच्या परातीत तिला नीट दिसंना म्हणून सुनंच्या रुखवतातली कोरी परात मी काढून दिली. स्टूल मी ठिवलं. तिच्यापाशी घड्याळ कुठाय? दुकानातलं घड्याळ भितीवरनं काढून मी मांडीवर घिऊन बसलो. तुम्ही म्हणला होता ना, दर पाच मिनिटांनी. मीच सांगत होतो तिला, बघ आता. मधी मधी म्हणायची, आप्पा, डोळं दुखायलेत. मी म्हणलं, सरांनी सांगितलंय, चुकवायचं न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही, उतरत गेला. "त्रेचाळीस डाव, सर. मोजले मी वहीत. त्रेचाळीस डाव मीच हाक मारली."

मला हे माहीत नव्हतं. त्रेचाळीस वेळा अचूक नोंदलेल्या वेळा मी बघितल्या होत्या, वर्गाला दाखवल्या होत्या, आणि तेरा वर्षांच्या मुलीकडे घड्याळ कुठून आलं हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आता मला एक सांगा," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले. अक्का म्हणतीय गिराणाचं हाय. गुरुजी म्हणतेत, गिराणाचं हाय. गिराणाचं असंल तर शांत करता येतीय. वर्षभर काय सांगतील ते करू आपण, उपास धरू, मी बी धरतो. पर तुमचं-माझं असंल, तर त्याला काय करायचं, सर? त्याला काय हाय का तुमच्या पुस्तकात?"

ते मशीनवर दोन्ही हात टेकून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

माझ्याकडे खरं उत्तर होतं. ते मी पाठ करून आलो होतो. त्या उत्तरात उजेड होता, पडदा होता, भाजणं होतं, माझं वाक्य होतं. आणि आता त्यात मांडीवर घड्याळ घेऊन बसलेला हा माणूसही होता. त्याला त्यातून वगळून सांगता येईल असं विज्ञान मला येत नव्हतं.

"सांगा की, सर. गिराणाचंच असंल ना?"

"हो," मी म्हणालो. "ग्रहणाचंच."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मशीनवरचं कापड हललं. डोळे पुसले, सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. मग म्हणाले, शाळेचं गुरुजींना विचारून बघतो, परीक्षेपुरतं तरी सोडतील. मी मान हलवली. आता हरकत घ्यायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. ती परीक्षेला आली नाही, आणि पुढच्या वर्षी नववीच्या पटावर तिचं नाव नव्हतं.

पण ते नंतर. त्या दिवशी वैजनाथराव उंबऱ्याकडे वळले आणि कितीतरी दिवसांनी आवाज मोकळा करून म्हणाले,

"ऐकलंस का गं? सर पण म्हणायलेत. गिराणाचंच हाय."

शिवकन्या तिथेच होती. सगळं तिने ऐकलं होतं. माझ्या वर्गात ग्रहण जर कुणाला पूर्ण समजलं असेल, तर ते तिला.

"व्हय, आप्पा," ती म्हणाली.

मग तिने मान भिंतीकडे वळवली. समोरचा माणूस दिसायला तिला आता तशीच मान वळवावी लागायची. त्यामुळे ती माझ्याकडे बघत होती, की माझ्यावरून तोंड फिरवत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.